डबा, मैदान आणि मधली सुट्टी : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात शाळेतल्या खाण्याखेळण्याबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं आलंय की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही. बऱ्याच जणांचा सूर एकच आहे, आमचं मूल ऐकत नाही. मला मात्र वाचताना सारखं वाटत होतं की ह्यात मुलाचा दोष फार कमी आहे. मूल दिवसाचे पाच-सहा तास जिथे काढतं तिथली घंटा, तिथला नळ, गेटबाहेरची गाडी, मैदानाचं कुलूप आणि वर्गावरच्या बाई, हे सगळे मिळून त्याला काय खायचं आणि किती हलायचं ते शिकवत असतात, आपण घरी कितीही कानीकपाळी ओरडलो तरी. म्हणून ह्या वेळी मुलाकडे कमी आणि शाळेकडे जास्त बघू.

ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. सकाळची शाळा, व्हॅन सात दहाला येते. डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि एखादं फळ देते पण रोज अर्धा डबा परत येतो. घरी नीट जेवतो. बाई म्हणतात तो फार हळू खातो. काय करू? – एक आई, डोंबिवली

आधी एक करा, का खाल्लं नाहीस असं विचारू नका, त्याने मुलं गप्प होतात. सुट्टीची घंटा झाली की काय काय होतं ते पहिल्यापासून सांग, असं विचारा. मी शाळांमध्ये जाते तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून नुसती बघते. कागदावर सुट्टी असते वीस मिनिटांची. घंटा होते तेव्हा फळ्यावरचं उतरवून घेणं चालू असतं, बाई म्हणतात आधी पूर्ण करा मग डबे काढा, तीन-चार मिनिटं तिथेच गेली. मग हात धुवायची रांग, चार नळांपैकी दोनच चालू, एकाला जेमतेम धार. मग बाथरूमची रांग. मग श्लोक. मग डब्याचं झाकण इतकं घट्ट की ते घेऊन बाईंकडे जायचं, तिथे आधीच पाच जण उभे. आणि खिडकीतून मोठ्या मुलांचा दंगा दिसत असतो त्यामुळे अर्धं लक्ष बाहेर. प्रत्यक्ष घास तोंडात जायला उरतात आठ-दहा मिनिटं, आणि त्यात सात वर्षांच्या मुलाने दोन पोळ्या, भाजी, फळ संपवायचं, हे मोठ्या माणसालाही धड जमणार नाही. तुमचा मुलगा हळू खात नाहीये, त्याला वेळच मिळत नाहीये.

ह्यावर अभ्यासही झालेत. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शाळांबद्दल लिहिलं की ज्या मुलांना बसून खायला २० मिनिटांहून कमी वेळ मिळाला त्यांनी मुख्य पदार्थ, भाज्या आणि दूध तिन्ही कमी संपवलं. त्याच वर्षी युटा राज्यातल्या शाळांचा आणखी एक अभ्यास आला, त्यात फक्त क्रम बदलला होता, आधी खेळायची सुट्टी आणि मग जेवण, तर मुलांचं फळं-भाज्या खाणं ५४ टक्क्यांनी वाढलं. जेवण तेच, मुलं तीच. खेळायला पळायची घाई संपली की मूल जेवतं, हे कळायला खरं तर अभ्यासाचीही गरज नाही, पण मुख्याध्यापकांशी बोलताना आकडा हाताशी असलेला बरा.

डब्याचं म्हणाल तर पोळी-भाजी वेगळी देण्यापेक्षा भाजी आत घालून रोल करा आणि मधोमध कापा, थालीपीठ किंवा पराठ्याचे त्रिकोण करून द्या, फळाच्या फोडी वेगळ्या छोट्या डब्यात घालून छोट्या सुट्टीत खायला सांगा. झाकण त्याला स्वतःला उघडता येतं का ते घरी एकदा बघा. दोन पोळ्यांऐवजी दीड दिली तरी चालेल, संपलेला डबा घरी आणायची सवय लागू दे. आणि पालक सभेत चार-पाच आयांनी मिळून दोन गोष्टी मागा, सुट्टी पाच-दहा मिनिटांनी वाढवा आणि अपुऱ्या लिखाणासाठी कुणालाही सुट्टीत बसवून ठेवू नका. एकटीने गेलात तर तुमच्याच मुलाचा प्रॉब्लेम ठरतो, पाच जणी गेल्या की तो शाळेचा होतो.

अजून एक, सात दहाची व्हॅन म्हणजे हे पोर नुसतं दूध पिऊन निघत असणार, त्याचा खरा नाश्ता डबाच आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालाय. तुमच्या शाळेत दुसरी एवढ्या लवकर का भरते हे लेखी विचारायला हरकत नाही.

मुलगी पाचवीत आहे. आठवड्याला दोन पीटीचे तास, त्यातला एक बहुतेक वेळा गणिताला किंवा पोर्शन राहिलाय म्हणून विज्ञानाला जातो. पालक सभेत विचारलं तर म्हणाले संध्याकाळी क्लास लावा स्केटिंगचा. तुम्हाला काय वाटतं? – एक बाबा, पुणे

मला हे अजिबात पटत नाही आणि स्पष्टच सांगते, पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देणं म्हणजे मुलांना रोज एक धडा देणं आहे की शरीर हा सगळ्यात शेवटचा विषय. बाकी आरोग्याची भाषणं मग कितीही द्या.

हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातले निदान तीन दिवस चांगली जोरकस. शाळेत मिळतात ३५ मिनिटांचे दोन तास, म्हणजे दोन्ही झाले तरी आठवड्याला ७० मिनिटं. त्यातून रांग करून मैदानावर जाणं, हजेरी, परत येणं वजा करा. मग साठ मुलं आणि एक फुटबॉल, आठ-दहा जण पळतात, बाकीचे कडेला मातीत रेघोट्या मारतात. २०१९ मध्ये ह्याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांच्या माहितीवरून काढलं होतं की ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हलत नाहीत, मुली मुलांपेक्षाही कमी. हे असे तास बघितले की त्या आकड्याचं नवल वाटत नाही.

स्केटिंगचा क्लास वाईट नाही, पण तो ज्यांच्याकडे फी आणि सोडायला-आणायला माणूस आहे त्यांचाच. शाळेतला तास सगळ्यांचा असतो, कामवाल्या ताईंच्या मुलीचासुद्धा, म्हणून तो वाचवायला हवा.

शाळा जागा नाही म्हणत असेल तर स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेचं उदाहरण द्या. मुलं वॉर्मअपलाच दमतात हे लक्षात आल्यावर २०१२ मध्ये तिथल्या मुख्याध्यापिका एलेन वायली ह्यांनी वर्गाला रोज १५ मिनिटं बाहेर पळायला किंवा भरभर चालायला सोडायला सुरुवात केली. गणवेशातच, साहित्य नाही, शर्यत नाही, कपडे बदलणं नाही, दमलं तर चालायचं. आज ‘डेली माइल’ ह्या नावाने ते कितीतरी देशांत चालतं. आपल्याकडे लंगडी, साखळी, विषामृत, डोंगर का पाणी ह्या सगळ्या खेळांना लागतो तो खडू आणि थोडी जागा, पार्किंगसुद्धा चालतं गाड्या काढल्या तर. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीला रोज एक तास आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा सक्तीचा केला, म्हणजे दहावी-बारावीच्या बोर्डातसुद्धा वेळ काढता येतो, पाचवीत नक्कीच येतो.

आणि ह्याला जोडूनच, तुमच्या शाळेत शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या किंवा उठाबशा देतात का? देत असतील तर ते बंद करायला सांगा. पळणं ही शिक्षा म्हणून शिकलेलं मूल मोठेपणी आपणहून पळायला जाईल का, तुम्हीच सांगा. उलटही तितकंच वाईट, दंगा केला म्हणून पीटीला न नेणं, कारण जे मूल वर्गात चुळबुळ करतं त्यालाच त्या तासाची जास्त गरज असते.

बाहेर असण्याचा डोळ्यांनाही फायदा आहे, हे पालकांना पटकन पटतं म्हणून सांगते. चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीचा बाहेरचा तास दिला, तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा नंबर, लागला होता, ज्यांना तास नव्हता त्यांच्यातल्या ३९.५ टक्क्यांना.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे पोषण आहार शिजतो पण मुलं भाजी, शेवग्याचा पाला बाजूला काढतात आणि नुसता भात खातात. अंडी आली तेव्हा हजेरी छान होती, आता निधी नाही. आम्ही काय करू शकतो? – एक गुरुजी, सोलापूर जिल्हा

गुरुजी, तुमच्या हातात जे आहे ते शहरातल्या भल्या मोठ्या शाळांकडेही नाही, रोज शाळेत शिजलेलं गरम जेवण आणि सगळ्यांना एकच ताट. ठरलेलं प्रमाण तुम्हाला माहीतच आहे, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. वाचकांसाठी लिहिते, भाजीचं प्रमाण दर मुलामागे ५० आणि ७५ ग्रॅम आहे. तो पाला ताटाच्या कडेला गेला की हे प्रमाण कागदावरच राहतं.

तर पहिली गोष्ट, तुम्ही मुलांबरोबर जेवता का? वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन रजिस्टरमध्ये नोंद करायची असते ती वेगळी, मी पंगतीत बसून जेवण्याबद्दल बोलतेय. मराठवाड्यातल्या एका शाळेत बघितलं, सर स्टाफरूममध्ये घरचा डबा खायचे तेव्हा मुलांच्या लेखी शाळेची खिचडी म्हणजे गरिबाचं खाणं होतं. नवीन बाई आल्या, त्या ताट घेऊन मुलांच्या ओळीत बसायला लागल्या, पाला चावून खाताना आज कोवळा आहे हं असं सहज म्हणायच्या. पोरं बाईंकडे बघून खायची. कुणी उपदेश केला नाही.

दुसरं, पाला अख्खा दिसला की मुलं काढतात हे खरंच आहे, त्यामुळे शिजवणाऱ्या ताईंना सांगा की बारीक चिरून किंवा वाळवून हाताने चुरून डाळीतच घाला, आणि वाढताना प्रत्येकाला लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाजीतलं लोह अंगी लागतं, शिवाय चव येते. परसबाग असेल तर वर्गवार वाफे द्या, स्वतः पाणी घातलेली मेथी मुलं सहसा टाकत नाहीत.

अंड्याचं मलाही फार वाईट वाटतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, मुलांनी ते आनंदाने खाल्लं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून लोकसहभागातून जमवा असं सांगण्यात आलं. ज्या गावात लोकांकडे पैसा आहे तिथे जमेल, जिथे अंड्याची गरज सगळ्यात जास्त आहे तिथेच जमणार नाही, म्हणून हा निर्णय चुकलाय असं माझं ठाम मत आहे. तोपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. गावात वाढदिवस, बारसं, पुण्यतिथी, कुणाची नोकरी लागली असं काही ना काही चालूच असतं, त्या दिवशी केक किंवा पेढ्यांऐवजी शाळेला अंडी, अंडं न खाणाऱ्यांना केळी, अशी यादी करून भिंतीवर लावा. एकदा चार जणांनी दिलं की पाचवा आपणहून तारीख विचारायला येतो.

आणि एक काळजी माझ्या मनात कायम असते. आठवी झाली की हा आहार संपतो. नववीतली मुलं, खास करून मुली, बऱ्याच ठिकाणी सकाळी घरून निघतात ते संध्याकाळी परत येईपर्यंत पोटात काही नसतं, आणि भूक सगळ्यात जास्त त्याच वयात. तुमच्या आठवीच्या मुलींच्या आयांशी मे महिन्याच्या आधी एकदा बोला.

शाळेच्या कॅन्टीनमध्ये समोसा, चिप्स, कोल्ड्रिंक सगळं मिळतं. गेटबाहेरही गाड्या. वाढदिवसाला प्रत्येक मूल चॉकलेट वाटतं, वर्गात साठ मुलं म्हणजे दर आठवड्याला एक-दोन तरी. ह्यावर काही नियम नाही का? – आई, नागपूर

नियम आहेत, माहीत कुणालाच नसतात. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्येच शाळेच्या कॅन्टीनमधून जंक फूड काढायला सांगितलं. मग अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, नियम २०२० मध्ये आले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, मेसमध्ये आणि आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. असे पदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांनी शाळेत जाहिरात करायची नाही की फुकट वाटपही करायचं नाही, म्हणजे स्पर्धेच्या नावाखाली येणारी ती गिफ्ट पाकिटंसुद्धा नाहीत. ह्याची प्रिंट काढून मुख्याध्यापकांना द्या.

गेटबाहेरच्या लोकांबद्दल मात्र विनंती करते, बोरं, आवळे, पेरू, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या मावशींना ह्या मोहिमेत हाकलू नका. त्यांच्याकडचं खाणं झाकलेलं आणि स्वच्छ असेल तर तेच मुलांसाठी सगळ्यात चांगलं आहे. कॅन्टीनवाल्याचंही ऐकून घ्या, त्याचं भाडं शाळाच वाढवत नेते मग तो जास्त नफ्याचं पाकीट ठेवणारच. भाडं कमी करून पोहे, उपमा, इडली, भेळ, ताक, फळं ठेवायची अट घातली तर चालतं.

कोल्ड्रिंकचं मुलांनाच शिकवा. बाटलीवर १०० मिलीमागे १० ग्रॅम साखर लिहिली असेल तर २५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना हेच भिंतीवर दाखवणारे साखरेचे फलक लावायला सांगितलेत, राज्य मंडळाच्या शाळेलाही कुणी अडवलेलं नाही. पण फलक लावून खाली कोल्ड्रिंकचा फ्रीज ठेवला तर मुलं फ्रीजवरच विश्वास ठेवतात.

वाढदिवसाला चॉकलेटऐवजी वर्गाला एक पुस्तक, एक चेंडू किंवा दोरीउड्यांची दोरी द्यायची पद्धत पाडा, आणि सुरुवात बाईंपासून होऊ दे, कारण उत्तर बरोबर आलं की चॉकलेट देणाऱ्या बाई मी खूप बघितल्यात, हेतू प्रेमाचाच असतो पण मूल शिकतं की शाबासकी म्हणजे गोड.

मी नववीत आहे. शाळेतलं टॉयलेट इतकं घाण असतं की मी दिवसभर पाणीच पीत नाही, डोकं दुखतं. पीटीला पण मी बसून राहते कारण सर वजन केलं की सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात आणि मुलं चिडवतात. आईला सांगितलं तर म्हणते दुर्लक्ष कर. – (नाव देत नाही), सांगली

बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तुझी ह्यात काहीही चूक नाही.

दिवसभर पाणी न पिण्याने डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, लघवीला जळजळ होऊन इन्फेक्शनही होऊ शकतं, तसं काही होत असेल तर लगेच आईला सांग, डॉक्टरांकडे जा. पाणी पीत जा. आणि टॉयलेटसाठी एकटीने भांडू नकोस, वर्गातल्या दहा-बारा जणींनी सह्या करून पत्र लिहा, त्यात घाण आहे एवढंच न लिहिता कोणत्या दाराला कडी नाही, कुठे पाणी येत नाही, सॅनिटरी पॅड टाकायला डबा आहे का, असं नीट लिहा. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, पत्र तिच्याकडे द्या आणि एक प्रत मुख्याध्यापकांना. केरळमध्ये २०१९ पासून शाळांमध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजते, ती कल्पनाही पत्रात घाल, पण आधी टॉयलेट आणि मग घंटा.

वजनाचं. सगळ्यांसमोर वजन वाचणं चूक आहे, सर कितीही चांगले असले तरी. हे पत्र आईला दाखव आणि आईनेच शाळेत जाऊन सांगावं की वजन-उंची एकेकीची बाजूला घ्या आणि फक्त पालकांना कळवा. तुझ्या वयात उंची, वजन, अंग सगळं बदलत असतं, प्रत्येकीचं वेगळ्या वेळी. जेवण कमी करू नकोस, डबा टाळू नकोस. दोन मैत्रिणींना घेऊन मैदानाला गप्पा मारत फेऱ्या मारायला लाग, पाळीतही झेपेल तितकं चालता-खेळता येतं, फार दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव. पीटीच्या दिवशी मुलींना स्कर्टऐवजी ट्रॅकपँट चालेल का हेही विचारा, कितीतरी मुली केवळ कपड्यांमुळे बसून राहतात.

शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते ती खाल्ल्यावर घे, रिकाम्या पोटी नको, मळमळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींमधल्या ५९ जणींना ॲनिमिया होता, त्यामुळे ही गोळी टाळू नकोस. काय झालं ते मला परत कळव.

मुलगी आठवीत, शाळा तीन किलोमीटर. सायकल मागतेय, घरचे रिक्षाच बरी म्हणतात. – वडील, बारामती

द्या सायकल. तीन किलोमीटर जायला आणि यायला म्हणजे रोजची अर्ध्या तासाची हालचाल तिथेच होते, पीटीचा तास बुडाला तरी. काळजी रस्त्याची असेल तर पहिला आठवडा तुम्ही बरोबर जा, कुठलं वळण वाईट आहे ते बघा, त्याच रस्त्याने येणाऱ्या मुलींचा ग्रुप करून द्या, मागे लाल रिफ्लेक्टर आणि ब्रेक नीट आहेत का बघा. राज्यातल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, बाकीच्या वाचकांनी आपला तालुका त्यात आहे का ते शाळेत विचारावं. आणि शाळेत सायकल ठेवायला जागा, शेड आणि कुलूप लावायची सोय आहे का हे सायकल घ्यायच्या आधी बघून या, नसेल तर तुमच्यासारख्या अजून पालकांना गाठून ती मागून घ्या.